दोनशे पाच भागिले पन्नास

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगारा पाहिला नसेल, तर तो अमेरिकेला गेलाच नव्हता असे आमच्या सोसायटीत मानतात. २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी पाच आठवडे अमेरिकेत काढले. पण नायगारा पाहिला नाही, न्यूयॉर्क पाहिले नाही, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापुढे उभे राहून फोटोही काढला नाही. "मग पाहिलंस तरी काय?" असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा मी खरे तेच सांगितले. म्हटले, "एक सिमेंटचं अंगण पाहिलं, आणि मोटारीची चाकं पाहिली." काकूंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की पुढची हकीकत सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ती आता इथे सांगते.

माझा धाकटा भाऊ गेली बरीच वर्षे नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावी असतो. विमा कंपनीत संगणकाचे काम करतो. शिकागोला विमान बदलून ओमाहाला उतरायचे आणि तिथून पन्नास-पंचावन्न मैल मोटारीने जायचे. वाटेत प्लॅट नदी लागते. मैलभर रुंद आणि इंचभर खोल, अशी तिची जुनी थट्टा आहे. पुढचे पाच आठवडे या इंचाने माझा किती पिच्छा पुरवायचा होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

लिंकन हे राज्याच्या राजधानीचे गाव. २०२० च्या शिरगणतीत वस्ती २ लाख ९१ हजार; म्हणजे पुण्याच्या हिशेबाने एखादे उपनगरच. पण गावात एक वस्तू पाहण्यासारखी आहे. १९३२ साली पुरी झालेली विधानभवनाची इमारत. आजूबाजूचा मुलूख तळहातासारखा सपाट, आणि त्यातून हा ४०० फुटांचा मनोरा एकदम वर गेलेला. त्याच्या घुमटावर कोणी राजा नाही, सेनापती नाही. १९ फूट उंचीचा एक शेतकरी मूठ-मूठ बी पेरीत अनवाणी उभा आहे. मला तो फार आवडला. गावाबाहेर पडले की त्याने पेरलेला मका क्षितिजापर्यंत दिसतो. मी गेले तेव्हा तो घोट्याएवढा होता, निघाले तेव्हा गुडघ्याला लागत होता.

परंतु भावाच्या घरी पोहोचल्यावर मला प्रथम दाखवण्यात आला तो मनोरा नव्हे. मी चहाचा पेला खाली ठेवते न ठेवते तोच भाची म्हणाली, "आत्या, आधी गॅरेजमध्ये चल. तू निकाल द्यायचा आहेस."

गॅरेजमध्ये एक चिमुकली, दोन माणसांची, कापडी टपाची लाल मोटार उभी होती. माझ्दा कंपनीची मियाटा, १९९५ सालची. ही भावाने २०१६ साली घेतली, तेव्हा भाची चौदा वर्षांची होती. दोघांनी मिळून ती उघडली, पुसली, दुरुस्त केली. पुढे भाची त्याच मोटारीवर गाडी शिकली. आणि गेली काही वर्षे बाप-लेक दोघेही त्याच एका मोटारीतून ऑटोक्रॉस नावाच्या शर्यतीत भाग घेतात.

शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकमेकींना मागे टाकणाऱ्या मोटारी येतात. ही तशी नव्हे. मोठे रिकामे पटांगण घ्यायचे, त्यावर नारिंगी रंगाचे रबरी शंकू मांडून एक वेडावाकडा रस्ता आखायचा, आणि एकेका मोटारीने त्यातून एकट्याने जायचे. मिनिटभराचा खेळ. घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजते. शंकू पडला किंवा आपल्या आखलेल्या चौकोनातून पार बाहेर गेला, की वेळेत दोन सेकंद वाढवायचे. वेग फारसा नसतो. ताशी साठ मैलांच्या आसपास गाडी गेली म्हणजे डोक्यावरून पाणी. धडकायला काही नाही. त्यामुळे रोज कचेरीत जायची गाडीच रविवारी इथे पळवता येते, आणि मुख्यतः तशीच माणसे येतात: कारकून, शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी. अमेरिकेत ही हौस जुनी आहे. तिचे नियम करणारा स्पोर्ट्‌स कार क्लब १९४४ साली स्थापन झाला.

निकाल द्यायचा होता तो चाकांबद्दल. भिंतीशी चाकांचे दोन संच रचून ठेवले होते. एक भावाच्या आवडीचा, आणि दुसरा भाचीच्या आवडीचा. तो एका ओळखीच्या गृहस्थांकडून उसना आणलेला. कोणता ठेवावा यावर बाप-लेकीत सहा महिने वाद चालला होता. भावजयीने हात जोडून त्यातून अंग काढून घेतले होते. ती मला म्हणाली, "ताई, जेवणाच्या टेबलावर मी आता मिलिमीटर हा शब्द बंद केला आहे."

मी मराठीची शिक्षिका. निकाल देण्याआधी मजकूर वाचावा ही आमची सवय. टायरच्या कुशीवर अक्षरे होती: २०५/५० आर १५. मी आपले "दोनशे पाच भागिले पन्नास" असे वाचले आणि भाची खो खो हसत सुटली. तो अपूर्णांक नव्हताच. २०५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे टक्के: टायरची कूस रुंदीच्या किती टक्के उंच, ते. १५ हा ज्या लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या चाकावर टायर बसतो त्याचा व्यास, आणि तो इंचांत! मधला आर म्हणजे त्रिज्या असे मी ठोकून दिले. तर तेही चूक. टायरच्या आतले दोर आडवे-आरपार घालण्याची जी रेडियल पद्धत, तिचे ते आद्याक्षर. म्हणजे एकाच ओळीत फ्रेंचांचा मिलिमीटर, वाण्याचा टक्का आणि इंग्रजांचा इंच सुखाने नांदतात. आपल्या मराठी वाक्यात संस्कृत, फारशी आणि इंग्रजी नांदतातच की. विग्रह कळल्यावर मला ही ओळ एकदम आपलीशी वाटू लागली.

मग मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. मूळ गाडीला कारखान्याने १४ इंचांच्या चाकावर १८५/६० चा टायर दिला होता. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटरची कूस. ती वर एकदा आणि खाली एकदा, आणि मधे १४ इंच. बेरीज ५७७.६ मिलिमीटर. भावाच्या संचाची, २०५/५० आर १५ ची बेरीज ५८६. भाचीचा टायर २२५/४५ आर १५, त्याची ५८३.५. मी चकितच झाले. रुंदीत इतका फरक आणि उंची पाहावी तर सगळी एका सेंटिमीटरच्या आत! "अगं, तेच तर कसब आहे," भाऊ म्हणाला. टायर उंच झाला, की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण उचल मंदावते. बुटका झाला की उलट. या शर्यतीत पहिल्या गिअरने सुटायचे आणि मग सारा वेळ दुसऱ्यात काढायचा. दुसऱ्याची हद्द संपून तिसरा टाकावा लागला, तर त्यात अमूल्य वेळ जातो. २०५ चा टायर मूळच्यापेक्षा सुमारे दीड टक्का उंच. ताशी साठ मैलांवर एक मैलाहून जरा कमी फायदा; पण एखाद्या सरळ पट्ट्याच्या टोकाला तेवढ्यानेच गिअर बदलणे वाचते.

इथे मला माझे स्वतःचे दुःख आठवले. आमच्या पुण्यातल्या छोट्या मोटारीला १६५/८० आर १४ चे टायर होते. दिसायला ते जरा सायकलचे वाटत, हे खरे. एका दुकानदाराने सांगितले, "मॅडम, सोळाची अलॉय टाका, गाडी उठून दिसेल आणि रस्त्याला चिकटून चालेल." आमच्या घरात मतदान झाले आणि १९५/५५ आर १६ चा संच बसवण्यात आला. गाडी उठून दिसली, यात शंका नाही. तिसऱ्या महिन्यात, पहिल्या पावसात, एका खड्ड्यात चाक आपटले. टायरच्या कुशीला आवाळू आले आणि चाकाची कड वाकली. त्यावर दुकानदार म्हणाला की रस्ते खराब आहेत. लिंकनच्या गॅरेजमध्ये बसून मी तो हिशेब आता प्रथमच मांडला. जुन्याची उंची ६१९.६, नव्याची ६२०.९, म्हणजे दुकानदाराचे गणित बरोबर होते. परंतु कूस १३२ मिलिमीटरची १०७ झाली होती. चाक मोठे झाले ते रबराच्या जागेतून. खड्ड्याचा मार झेलणारी अडीच सेंटिमीटरची हवा मी पैसे देऊन काढून टाकली होती! मोठे चाक म्हणजे चांगले चाक अशी माझी समजूत होती, आणि मला वाटते आपल्यापैकी पुष्कळांची असते.

शर्यतवाले या भ्रमात नसतात. त्यांना मोठे चाक मुळीच नको असते. जड आणि मोठे चाक फिरवायलाही जोर लागतो आणि थांबवायलाही. माझ्या भावाने तर स्नानघरातला वजनकाटा गॅरेजात आणून ठेवला होता. त्यावर माणसांपेक्षा चाके अधिक वेळा चढत. मग हे १४ सोडून १५ वर का गेले? कारण विचित्र आहे. १४ इंचांत चांगले चिकट टायर मिळतच नाहीत म्हटले तरी चालेल. जगातल्या मोटारींची चाके मोठी होत गेली आणि कारखान्यांनी लहान मापांत पैसे घालणे सोडले. कितीही शास्त्र शिकलात, तरी शेवटी दुकानात जे माप असेल त्याच मापाचे जोडे घ्यावे लागतात.

आता खरा वाद. भावाचे चाक १५ इंच व्यासाचे, ६ इंच रुंद. भाचीचे १५ इंच व्यासाचे, साडेसात इंच रुंद. दीड इंचाचे भांडण! सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर. त्यावर २०५ चा टायर बसतो, पण तोंड आवळलेल्या बटव्यासारखा. वळणावर त्याची कूस कलंडते आणि जमिनीला लावायचे सगळे रबर लागत नाही. साडेसात इंचांवर, म्हणजे १९० मिलिमीटरवर, २२५ चा टायर बैठक मारून बसतो. हे मलाही डोळ्यांनी दिसत होते. मी म्हटले, "मग निकाल सरळ आहे. रुंद चाक घ्या." भाचीने टाळी वाजवली. भाऊ मात्र शांतपणे म्हणाला, "ताई, चाकाबरोबर पंगत बदलते, ते तुला तिनं सांगितलं का?"

या खेळात गाड्यांचे वर्ग असतात. मूळ गाडी कारखान्यातून आली जवळजवळ तशीच पळवणाऱ्यांचा एक वर्ग. त्यात चाकाचा व्यास एक इंच कमी-जास्त चालतो, रुंदी मात्र मूळचीच हवी. रुंदी बदलली, की तुम्ही निराळ्या वर्गात जाता. तिथे चाक साडेसात इंचांपर्यंत, टायर २२५ पर्यंत. पण तिथल्या मंडळींनी नुसती चाके बदललेली नसतात. स्प्रिंगा बदललेल्या, धक्काशोषक बदललेले, आणखी पुष्कळ काही केलेले. नुसती रुंद चाके घालून त्यांच्यात जाणे म्हणजे नव्या सोफ्यासारखेच: सोफा आला की पडदे जुने दिसतात, पडदे आले की भिंती. शिवाय वेगवेगळ्या वर्गांची तुलना करायला प्रत्येक वर्गाचा एक गुणक ठरवलेला असतो. वेळेला त्याने गुणायचे. वेगवान वर्गाचा गुणक कडक. म्हणजे चाकाने मिळवलेले गुणकाला परत द्यायचे. "आणि माझ्या वर्गात माझी माणसं आहेत," भाऊ म्हणाला. "माझ्या वयाची त्या वर्गात आहेत," भाची म्हणाली. हे ऐकून भावजय जरा लगबगीने पोळ्या करायला उठली. का, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. भाची नुकतीच इंजिनियर झाली होती आणि ऑगस्टमध्ये नोकरीसाठी मिशिगनला जायची होती. आठशेएक मैल दूर. मोटार कुठे राहणार, हा विषय घरात कोणी काढत नव्हते. ते फक्त चाकांवर बोलत.

जूनच्या दुसऱ्या रविवारी मी ते अंगण पाहिले.

लिंकनच्या विमानतळालगत पूर्वी अमेरिकन हवाई दलाचा तळ होता. बॉम्बफेकी विमाने तिथे उभी असत. १९६६ साली तळ बंद झाला आणि विमाने उभी करायची सिमेंटची जागा तशीच राहिली. इकडून तिकडे पाहावे तर पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. दगडी पाटांसारखे मोठमोठे चौकोन, त्यांच्या सांध्यांत डांबर भरलेले. झाड नाही, छप्पर नाही, वर नुसते आभाळ. या शर्यतीची राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून सप्टेंबर महिन्यात याच सिमेंटवर भरू लागली. हजारावर स्पर्धक देशभरातून येतात. डांबरी रस्त्यापेक्षा हे सिमेंट रबराला अधिक धरते. जिथे अणुबॉम्ब वाहणारी विमाने सज्ज उभी असत, तिथे आता एक आजोबा वाकून खडूने शंकूभोवती चौकोन आखत होते!

सकाळी सातालाच गर्दी जमली. आल्या आल्या मोटारी रिकाम्या करायच्या: पायपुसणी, बाटल्या, डब्यातले किडूकमिडूक, सगळे बाहेर. मग एक जण येऊन चाके हलवून पाहतो, नट पाहतो, बॅटरी घट्ट आहे ना ते पाहतो. नंतर सगळे स्पर्धक पायी मार्गावरून फिरतात. एकदा नव्हे, तीन-चारदा. डोळे मिटून, हाताने हवेत सुकाणू फिरवीत चालणारी ती प्रौढ माणसे पाहून मला परीक्षेच्या हॉलबाहेरची मुले आठवली. आणि एक गोष्ट फार चांगली वाटली. अर्धे लोक गाड्या पळवतात तेव्हा उरलेले अर्धे उन्हात उभे राहून पडलेले शंकू उचलतात. मग पाळी बदलते. त्यातून कोणाची सुटका नाही.

ज्यांनी रुंद चाके उसनी दिली होती ते गृहस्थ तिथेच भेटले. निवृत्त शाळामास्तर, वय बहात्तर. त्यांच्या तसल्याच चिमुकल्या मोटारीच्या मागे एक चिमुकला ट्रेलर होता आणि त्यात चार टायर रचलेले. दोन माणसांच्या गाडीत चार टायर मावायचे कुठे? म्हणून घरून येताना साधे टायर चढवायचे, शर्यतीचे मागून ओढत आणायचे, आणि मैदानावर बदलायचे. मी शिक्षिका आहे हे कळताच मास्तरांनी मला टायरवरचा आणखी एक आकडा दाखवला: २००. टायर किती झिजतो त्याची ही प्रतवारी. टेक्सासमध्ये सार्वजनिक रस्त्यांवर ७,२०० मैल चालवून झीज मोजतात. शंभर गुणांचा एक प्रमाण टायर असतो, त्याच्याशी तुलना. साध्या टायरला चारशे, सहाशे असे गुण. या वर्गांत २०० च्या खाली चालत नाही. नाहीतर लोक खोडरबरासारखे मऊ टायर आणतील. "पण गुण देतं कोण?" मी विचारले. "टायरचा कारखानाच!" मास्तर डोळे मिचकावून म्हणाले. विद्यार्थ्याने स्वतःच उत्तरपत्रिका तपासावी आणि नेमके उत्तीर्ण होण्यापुरते गुण घ्यावेत, असा हा प्रकार. आम्ही दोघेही मनापासून हसलो. हे टायर दोन हंगाम पुरले तर नशीब म्हणायचे, आणि नवा संच सातशे-आठशे डॉलरांचा.

भाऊ आणि भाची एकाच मोटारीतून पळत असल्याने टायरांना विसावा नव्हता. एकाची फेरी झाली की दुसरा बसणार. म्हणून मधल्या वेळात माझ्याकडे काम आले: पाठीवरच्या फवारणीच्या पंपाने टायरांवर पाणी मारायचे. तापलेले रबर निसरडे होते म्हणे. पाणी पडताच वाफ निघाली आणि मला एकदम आजोळ आठवले. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती भट्टीत लाल करायचा, चाकावर ठोकायचा आणि भराभर पाणी ओतायचा. धाव आवळली की आरे आणि तुंबा करकरून एक व्हायचे. सैल झाली तर ती वाटेत निखळणार, घट्ट झाली तर चाक फुटणार. आजोबा त्याच्या डोक्यावर उभे राहून नुसते "बघ रे बाबा, बघ" म्हणत असत. अंगणात उभ्या असलेल्या माझ्या भावाचा चेहरा नेमका तसाच दिसत होता. तो टायरच्या खांद्यावर पांढऱ्या बूटपॉलिशचे ठिपके देत होता. फेरीनंतर ठिपका कुठवर पुसला ते पाहायचे. फार पुसला तर कूस कलंडते आहे, हवा वाढवा. मुळीच नाही पुसला तर हवा कमी करा. त्या अरुंद चाकांवर ठिपके पार पुसले जात होते. हवा वाढवली की पकड कमी, कमी केली की ठिपका गायब. भाची काही बोलली नाही. तिने ते बोटाने फक्त दाखवले.

अरुंद चाकांवर भावाची उत्तम वेळ ५१.९ सेकंद. भाचीची ५१.६. वर्गात ती तिसरी, तो पाचवा, मधे मास्तर. भावाचा आनंद मात्र पाहण्यासारखा होता. निकालाच्या कागदावर तिघांची नावे एकाखाली एक होती आणि त्याने त्याचा फोटो काढून घेतला.

दुपारी स्पर्धा संपल्यावर हौसेच्या फेऱ्या असतात. त्यांचे गुण धरत नाहीत. भाची म्हणाली, "बाबा, आता." पंधरा मिनिटांत चारही चाके उतरली आणि रुंद चढली. पहिला भाऊ गेला: ५२.१. त्याने गाडी जुन्याच सवयीने हाकली. जिथे पूर्वी ब्रेक लावायचा तिथेच लावला. दुसऱ्या फेरीत ५१.४. भाची पहिल्याच फेरीत ५०.८.

"दुपारी सिमेंटवर रबर बसलेलं असतं. सकाळच्या वेळेशी तुलना बरोबर नाही," भाऊ म्हणाला. हे खरेच होते. मास्तरांनीही मान डोलावली. पण एवढ्या फरकातले सगळेच काही सिमेंटचे नव्हते, हे तिघांनाही कळत होते.

मग भाची मला म्हणाली, "आत्या, बस." प्रौढ पाहुण्यांना हौसेच्या फेरीत शेजारी बसू देतात. मी कागदावर सही केली, एक शिरस्त्राण डोक्यावर चढवले, त्यात अंबाडा मावेना म्हणून तो सोडला. पुढचे पाऊण मिनिट मला सलग आठवत नाही. आठवते ते असे: पहिल्या वळणावर माझी खात्री झाली की आता आपण घसरणार. मोटार घसरली नाही. माझे अंग, पोटातला चहा, गळ्यातले मंगळसूत्र, सगळे उजवीकडे गेले आणि गाडी मात्र डावीकडे. पुढे नागमोडी शंकू. प्रत्येक वेळी वाटे की हा पडला. आणि तो खिडकीजवळून सुळकन मागे जाई. रबर जमिनीला धरते म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजले. भाचीचा चेहरा एका क्षणी दिसला. ती जीभ दातांत धरून होती. पाटीवर पहिला श्रीगणेशा काढताना धरायची अगदी तशी.

माझ्यामुळे वजन वाढून वेळ ५१.७ आली. उतरले तेव्हा गुडघे लटपटत होते. भाऊ दूर उभा होता. म्हणाला, "चांगली चालवते ना?" मी म्हटले, "फार चांगली." "त्या रुंद चाकांवर तिला भीती वाटत नाही," तो म्हणाला, आणि फवारणीचा पंप उचलून मास्तरांच्या मोटारीकडे निघून गेला.

त्या रात्री जेवताना कोणी निकाल मागितला नाही. मीही दिला नाही. मिलिमीटरवरची बंदी पाळली गेली.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान बांधायला एखादे खोके मिळेल म्हणून मी गॅरेजात गेले. अरुंद चाकांच्या मागे एक जड खोके भिंतीशी सरकवून ठेवले होते. वरचे चित्र पाहिले. मोटारीच्या मागे ट्रेलर जोडायचा लोखंडी आकडा. खोक्यावर पाठवल्याची तारीख होती २१ मे. म्हणजे मी आले त्यानंतर थोड्याच दिवसांनी, आणि त्या रविवारच्या तीन आठवडे आधी. दारात पावले वाजली म्हणून वळले तर भाऊ.

"हे काय रे?" मी विचारले.

"हळू बोल. तिला अजून सांगितलं नाही," तो म्हणाला. "आठशे मैल जायचं तर चाकं मागून ओढूनच न्यावी लागतील."

"कुठली?"

"साडेसातची. मास्तरांशी बोललोय. पैसे घेणार नाही म्हणतात, पण मी देणार." मग त्याने त्या खोक्याचे एक टोक धरले आणि दुसरे मला धरायला सांगितले. आम्ही ते उचलून वरच्या फळीवर, रंगाच्या जुन्या डब्यांमागे नेऊन ठेवले.